आंबोलीच्या ट्रकातला रेडिओ

सावंतवाडीजवळ मालवणी, कोंकणी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत सामुदायिक रेडिओ काढायचाय, आपल्याकडे असं पूर्वी कुणी केलंय का, असं विचारलंत. तुमच्या उंबऱ्यावरच केलंय की! आंबोलीला.

२५ नोव्हेंबर १९५५ ला तिथल्या जंगलातून गोवा मुक्तीचं गुप्त केंद्र सुरू झालं. कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीजमध्ये ‘व्होझ दा लिबर्दाद’. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. गंमत म्हणजे यंत्रं पोर्तुगिजांचीच: १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीतून पळताना मागे राहिलेले वायरलेस संच. त्यांचेच ट्रान्समीटर करून ट्रकवर चढवले. पुढे मुक्काम कॅसलरॉकच्या रानात हलला.

आंबोलीत एकदा भर पावसात ध्वनिमुद्रण करायला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी माईकच्या जाळीला पाणी सुटलं, टेपवर नुसती खरखर. मी सामान आवरून घाट उतरलो. त्या दोघांनी रानात सहा वर्षं काढली.

पणजीचं सरकारी ‘एमिसोरा द गोवा’ एक सांगायचं, हे त्याला उत्तर द्यायचे. कोंकणी भाषा गावकऱ्यांसाठी, पोर्तुगीज भाषा सत्तेतल्यांच्या कानांसाठी. १९ डिसेंबर १९६१ ला विमानातून गोव्यावर घिरट्या घालत मुक्तीची बातमी सांगितली, तीही दोन्ही भाषांत. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत. उशीरच म्हणायचा.

तुमच्या आराखड्यात तिन्ही भाषांना वेगवेगळे तास दिलेत, ते मला पटत नाही. शिरोड्याच्या बाजारात मासे विकणारी बाय शेजारणीशी मालवणीत गजाली मारते, गोव्याचं गिऱ्हाईक आलं की कोंकणीत वळते आणि पैसे मराठीत मोजते. तिला कुठल्या तासात बसवणार? आधी कुणाशी बोलायचंय ते ठरवा, भाषा आपसूक येईल.

परवान्याचं थोडक्यात: २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही अर्ज करता येतो, प्रक्षेपणाची शक्ती साधारण १०० वॅट. डोंगरउतारामुळे पल्ला कुठे तुटतो ते स्वतः फिरून बघा. आणि बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावाव्या लागतात. वादळाचा इशारा, वीज कधी जाणार, जत्रेत आज दशावतार कुणाचा, एवढं मात्र चालतं.