ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे नुसते ग्राहक न राहता त्याच्या कम्युनिटीला हातभार कसा लावायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था एका कंपनीकडून ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, सॉफ्टवेअर बसवून घेऊन वापरते, सपोर्टचा वार्षिक करार आहे, पदरी एकही प्रोग्रॅमर नाही. आता वरिष्ठांच्या मनात आलंय की कम्युनिटीसाठी, म्हणजे ते सॉफ्टवेअर मिळून घडवणाऱ्या लोकांसाठी, काहीतरी करावं. देणगी द्यावी, परिषद स्पॉन्सर करावी की आणखी काही, आणि मॅनेजमेंटला ते पटवायचं कसं, असा प्रश्न आहे. शेवटी तुम्ही हेही लिहिलंय की व्हेंडरचं म्हणणं, "तुम्ही क्लायंट आहात, कम्युनिटीचं आम्ही बघतो."

हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. कारण हेच वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं.

मी ग्रंथपाल आहे. प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. आमच्याकडे कोहा आहे, म्हणजे ग्रंथालय चालवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, तेही तुमच्यासारखंच व्हेंडरकडून बसवून घेतलेलं. तर झालं असं की वाचकाच्या खात्याचा सारांश छापला की पुस्तकाच्या परतीच्या तारखेपुढे २३:५९ असं छापून यायचं. पुस्तक दिवसांवर दिलं की कोहा आतल्या आत परतीच्या तारखेला रात्रीचे अकरा एकोणसाठ लावून ठेवतं, म्हणजे तो अख्खा दिवस वाचकाचा. पडद्यावर जवळपास सगळीकडे ही वेळ लपवलेली असते. या एका छापील पानावर ती लपवायची राहून गेली होती.

वाचक काउंटरवर येऊन विचारायचे, "मॅडम, रात्री बाराला एक मिनिट कमी असताना पुस्तक आणलं तर चालेल का?" सुरुवातीला आम्हीही हसायचो. मग एक वाचक खरंच रात्री येऊन कुलूप बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी दंड भरायला तयार होईना. त्याचं काय चुकलं? आमच्याच प्रिंटरमधून निघालेला कागद त्याच्या हातात होता.

व्हेंडरला कळवलं. त्यांच्याकडचा एक मुलगा आला, हसतमुख आणि कामाचा. त्यानं मला बाजूला बसवून दाखवलंसुद्धा: टेम्प्लेटच्या, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या फाइलच्या, एका ओळीत तारखेच्या फिल्टरपुढे 'अ‍ॅज ड्यू डेट' असं एक पॅरामीटर जोडायचं, झालं. २३:५९ गायब. पुढच्या अपग्रेडला ते पुन्हा हजर. कारण दुरुस्ती फक्त आमच्या सर्व्हरवर होती, नव्या आवृत्तीबरोबर नवी फाइल आली आणि तिनं जुनी पुसली. पुन्हा कळवलं, पुन्हा तीच ओळ बदलली, आणि या वेळी बिलात एक नवीन नोंद दिसली: 'कस्टमायझेशन पुनर्स्थापना'. त्यानंतरच्या अपग्रेडलाही तेच.

बैठकीत मी विचारलं की ही चूक मूळ कोहातली आहे, आमची काही खास फर्माईश नाही, मग मूळ कोहातच का दुरुस्त करत नाही? त्यांचे प्रोजेक्ट मॅनेजर लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "मॅडम, तुम्ही क्लायंट आहात. कम्युनिटीचं आम्ही बघतो." आमचे हिशेब बघणारे साहेब शेजारी बसून मान डोलवत होते. त्यांचं मत असं की जगाची कामं आपण फुकट का करायची. मी गप्प बसले, पण ते मनात राहिलं.

घरी येऊन कोहाच्या बगझिलावर, म्हणजे चुका (बग) नोंदवायच्या साइटवर, खातं उघडलं. खातं कोणालाही उघडता येतं, पैसे पडत नाहीत, तुम्ही कोण असं कोणी विचारत नाही. आधी कोणी ही तक्रार केली आहे का ते शोधलं, नव्हती. मग लिहिलं: आवृत्ती कोणती, कुठल्या पानावर गेले, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. वाचकाचं नाव आणि नंबर झाकून कागदाचा फोटो जोडला. ग्रंथपालाला हे लिहायला शिकवावं लागत नाही, आम्ही जन्मभर नोंदीच करतो.

दुसऱ्या देशातल्या कोणा डेव्हलपरनं पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, जोडला. तीच एक ओळ. पण इथून पुढचं बहुतेक ग्राहकांना माहीत नसतं. कोहात पॅच लिहिला म्हणजे तो आत जात नाही. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तो चालवून बघून साइन-ऑफ, म्हणजे 'बघितलं, चालतं' असा शेरा, द्यावा लागतो. मग क्यूएचा, म्हणजे दर्जा बघणारा, गट तपासतो, मग नवी आवृत्ती काढणारा रिलीज मॅनेजर तो मूळ कोडमध्ये घेतो. आणि साइन-ऑफ देणारा प्रोग्रॅमर असायलाच हवा असं मुळीच नाही. त्यासाठी सँडबॉक्स आहेत: ब्राउझरमध्ये बगचा नंबर टाकायचा, तो पॅच लावलेलं एक तात्पुरतं कोहा तुमच्यापुढे उभं राहतं, वाटेल ते करून बघा. 'साइन-ऑफ हवा' अशा रांगेत पॅच पडून असतात, आणि ते पडून राहतात त्याचं कारण कोड लिहिणारे कमी आहेत हे नव्हे. वापरून बघणारे कमी आहेत.

मी आधी पॅच नसलेल्या कोहावर पुस्तक दिलं, सारांश उघडला, २३:५९ दिसलं. मग पॅच असलेल्यावर तेच केलं, गेलं. इथं प्रोग्रॅमर थांबला असता. मी एक पुस्तक दोन तासांसाठी दिलं. आमच्याकडे संदर्भग्रंथ तासांवर देतात, आणि तिथं वेळ छापून यायलाच हवी. आली. तेही शेऱ्यात लिहिलं आणि साइन-ऑफ दिला. त्या पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' या ओळीत माझं नाव आहे. कोहाच्या इतिहासात ते कायमचं राहणार, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

कोहाची मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, छोट्या दुरुस्त्या दरमहा. यथावकाश आमचं अपग्रेड झालं, कागद स्वच्छ आला. व्हेंडरच्या बिलात मात्र 'कस्टमायझेशन पुनर्स्थापना' होतीच! मी बगझिलाचं ते पान छापून बिलाला टाचलं आणि परत पाठवलं. हिशेबवाल्या साहेबांनी त्यानंतर 'फुकट' हा शब्द माझ्यासमोर काढला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

देणगी शेवटी. परिषदेच्या बॅनरवर लोगो त्याच्याही नंतर. पैशाला किंमत नाही असं कोण म्हणेल? २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा सुरक्षेचा बग सापडला तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्यावर विसंबून होतं त्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या. पण तुमच्यासारख्या संस्थेनं एकदाच चेक फाडला की संबंध तिथेच संपतो, आणि व्हेंडर तुमच्या सर्व्हरवर वेगळं काहीतरी शिजवत राहतो ते राहतंच. तुमच्याकडे जे आहे ते डेव्हलपरकडे नाही: रोज ते सॉफ्टवेअर वापरणारी माणसं. ती द्या. आठवड्यातले दोन तास एका माणसाला अधिकृतपणे मोकळे करा. त्यानं बग नोंदवावेत, पॅच तपासावेत, मॅन्युअलमधलं चुकलेलं पान दुरुस्त करावं, भाषांतर करावं. मोकळे म्हणजे कामाच्या वेळेत. रात्री घरी बसून कर असं सांगाल तर तो माणूस दोन महिन्यांत पळेल.

आणि करार. सगळ्यात महत्त्वाचं हेच. त्यात स्पष्ट लिहा की आमच्या पैशातून केलेला कुठलाही बदल दुसऱ्यांनाही उपयोगी असेल तर तो मूळ प्रकल्पाकडे पॅच म्हणून पाठवायचा आणि बगचा नंबर आम्हाला द्यायचा. पैशाचा हप्ता 'पॅच स्वीकारला गेला' याला बांधू नका, ते व्हेंडरच्या हातात नसतं. 'पॅच सादर केला आणि तपासणीत आलेल्या शंकांना उत्तरं दिली' याला बांधा. एखादी नवी सोय तुम्ही पैसे देऊन करून घेतलीत तर पॅचमध्ये 'स्पॉन्सर्ड-बाय' म्हणून तुमच्या संस्थेचं नाव घालायला सांगा. कोहात ही पद्धत आहे, रिलीज नोट्समध्ये स्पॉन्सर संस्थांची नावं छापून येतात. वेबसाइट बनवायच्या ड्रुपल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या साइटवरही काम करणाऱ्या कंपनीबरोबर ते ज्या ग्राहकासाठी केलं त्याचं नाव नोंदवता येतं. वरिष्ठांना हे दाखवा, बॅनरपेक्षा आवडेल.

क्लायंटनं क्लायंटच राहावं म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. कोहा मुळात क्लायंटमुळेच जन्मलं. न्यूझीलंडच्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी काटिपो कम्युनिकेशन्सकडून नवी बनवून घेतली, ३ जानेवारी २००० ला ती सुरू झाली आणि मग जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली सगळ्यांना खुली केली. मार्क (पुस्तकांच्या नोंदींचा ठरलेला साचा) आणि झेड३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयांतल्या नोंदी शोधून आणायची पद्धत), म्हणजे ज्यांच्याशिवाय आज कोणी ग्रंथालय कोहाकडे बघणारही नाही, त्या कामाला ओहायोतल्या अ‍ॅथेन्स काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी पैसे पुरवले. तेही क्लायंटच. पुढे कम्युनिटीची मालमत्ता सांभाळायला कोणीतरी हवं होतं तेव्हा ती जबाबदारी त्याच न्यूझीलंडच्या ट्रस्टकडे दिली गेली. २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीला न्यूझीलंडमध्ये कोहा या नावाचा ट्रेडमार्क तात्पुरता मंजूर झाला, तेव्हा त्याला आव्हान दिलं गेलं आणि डिसेंबर २०१३ मध्ये निकाल कम्युनिटीच्या बाजूनं लागला. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांना हे त्या बैठकीतच ऐकवायला हवं होतं, पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

उलटं टोकही असतं, ते गाठू नका. लॉग४जे या जावा भाषेतल्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडून गोंधळ झाला तो २०२१ च्या डिसेंबरात. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या कंपनीनं कर्ल हे इंटरनेटवरून माहिती आणणारं-पाठवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांना ईमेल पाठवली: आमच्या या प्रश्नांची उत्तरं चोवीस तासांत द्या. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, त्यात लॉग४जे नाहीच, आणि त्या कंपनीनं त्यांना कधी छदामही दिलेला नव्हता. त्यांनी शांतपणे कळवलं की सपोर्टचा करार करा, आनंदानं उत्तरं देतो. बगझिलावर 'आम्ही एवढी मोठी संस्था आहोत, हे तातडीनं करा' असं लिहिणारे मी रोज बघते. तिथं तुम्ही कोणाचेच साहेब नसता. ज्यांनी आधी दुसऱ्यांचे चार पॅच तपासलेत त्यांच्या बगकडे लोक लवकर वळतात, हे मात्र खरं.

मॅनेजमेंटला कसं पटवायचं याचं माझ्याकडे बिलाशिवाय दुसरं उत्तर नाही. गेल्या दोन-तीन अपग्रेडची बिलं काढा, त्यात तुमच्यापुरत्या केलेल्या बदलांसाठी किती गेले त्याची बेरीज करा आणि ती ठेवा समोर. तत्त्वज्ञान सांगू नका.

काही गोष्टी राहिल्या. सगळेच व्हेंडर असे नसतात. कोहाचे निम्मे धुरंधर डेव्हलपर कुठल्या ना कुठल्या व्हेंडरच्याच पगारावर असतील, आणि माझा तो एका ओळीचा पॅच लिहिणाराही एका व्हेंडरकडेच नोकरीला होता. आमच्या नव्हे, एवढंच. दुसरं म्हणजे तुमची आवृत्ती फार जुनी असेल तर बग नोंदवण्याआधी तो नव्या आवृत्तीत अजून आहे का ते सँडबॉक्सवर बघा, नाहीतर लोकांचा वेळ जातो. आणि स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या माणसांची माहिती चुकूनही जाऊ देऊ नका, ते पान जगाला दिसतं. तुमचं सॉफ्टवेअर कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. साइन-ऑफची ही पद्धत प्रत्येक प्रकल्पात अशीच असेल असं नाही, पण तपासणाऱ्यांचा दुष्काळ सगळीकडे सारखाच आहे.

करार कधी संपतो तेही लिहिलं नाहीत. नूतनीकरणाच्या आधीच ते कलम घाला, नंतर 'पुढच्या वर्षी बघू' ऐकावं लागेल. आणि तोवर व्हेंडरकडे एकच मागा: आमच्या सर्व्हरवर मूळ सॉफ्टवेअरपेक्षा वेगळं काय काय केलेलं आहे, त्याची यादी. आमच्या व्हेंडरला ती द्यायला फार वेळ लागला, आणि आली तेव्हा निम्म्या ओळींपुढे 'कारण उपलब्ध नाही' असं लिहिलेलं होतं.