चकली-चिवड्याचं युनिट वाढवताना बिझनेस स्टडीजमधले कोणते शब्द खरंच कामाला येतात?

तुमचा प्रश्न असा: नाशिकला भाजणीच्या चकलीचं आणि चिवड्याचं छोटं युनिट आहे. तुम्ही स्वतः, एक कायम कामगार आणि नगावर अर्धा दिवस येणाऱ्या तीन बायका. डिस्ट्रिब्युटर आता दुप्पट माल मागतोय. मुलीच्या कॉमर्सच्या पुस्तकात ब्रेक-इव्हन, कपॅसिटी, मार्केटिंग मिक्स, लेबर टर्नओव्हर असे शब्द दिसले, तर त्यातलं तुमच्या कामाचं काय?

माझं मत विचाराल तर दुप्पट मालाला हो म्हणण्याआधी तीन शब्दांचे आकडे काढा: कॉन्ट्रिब्युशन, बॉटलनेक आणि वर्किंग कॅपिटल. पुस्तकात वाढ, मार्केटिंग, उत्पादन आणि माणसं यांचे वेगवेगळे धडे असतात. युनिटमध्ये मात्र एका धड्यातला निर्णय दुसऱ्या धड्यात पैसे खातो. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

आधी फक्त चकली धरू. २५० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी १२० रुपये. दुकानदार एमआरपीवर २० टक्के ठेवतो, म्हणजे त्याला ते ९६ ला पडतं. डिस्ट्रिब्युटर सुमारे ८ टक्के ठेवतो आणि तुमच्याकडून ८८.२० ला उचलतो. यात ५ टक्के जीएसटी आहे (नमकीनवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ वर आला). उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर मालविक्रीला नोंदणी सक्तीची नाही, पण डिस्ट्रिब्युटरला जीएसटीचं बिल लागतं, म्हणून ती घेतली आहे असं धरू. कर वजा जाता तुमच्या हातात ८४ रुपये. एमआरपी १२०, हातात ८४. घरगुती युनिटं बहुतेक वेळा हिशेब १२० वरून सुरू करतात आणि तिथेच फसतात.

आता पाकिटागणिक वाढणारा खर्च: भाजणी १८, तेल १४, तीळ-मसाला-मीठ ४, पाकीट आणि लेबल ५, गॅस ४, खोक्याचा वाटा २, नगावरची मजुरी ९, वाहतूक ४. एकूण ६०. म्हणजे पाकिटामागे २४ रुपये उरतात. हे झालं कॉन्ट्रिब्युशन. याला नफा समजू नका, कारण यातून अजून भाडं द्यायचंय.

माल निघो न निघो, दर महिन्याला होणारा खर्च: भाडं १३,०००, कायम कामगार १६,०००, तुमचा स्वतःचा पगार २५,०००, वीज-अकाउंटंट-फोन ८,०००, कर्जाचं व्याज आणि यंत्रांचा घसारा १०,०००. बेरीज ७२,०००. याला २४ ने भागलं की ३,००० पाकिटं. हा तुमचा ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा), महिन्याला ७५० किलो. सध्या ३,६०० पाकिटं विकली जात असतील तर वरच्या ६०० पाकिटांवर १४,४०० रुपये नफा. विक्री साधारण १७ टक्क्यांनी घसरली की तो शून्यावर येतो. पुस्तकात याला मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणतात. स्वतःचा पगार न धरता ब्रेक-इव्हन काढणारे बरेच असतात. त्यांचा आकडा सुंदर दिसतो, आणि पुढे देखरेखीला पगारी माणूस ठेवायची वेळ आली की धंदा तोट्यात निघतो.

एवढी बेरीज हाताशी असली की मार्केटिंगचे निम्मे प्रश्न कागदावरच सुटतात. डिस्ट्रिब्युटर म्हणतो, ‘१२ वर १ फ्रीची स्कीम द्या, माल दणकून जाईल.’ ऐकायला ८ टक्के सूट वाटते. प्रत्यक्षात १२ पाकिटांचे १,००८ रुपये येतात आणि १३ पाकिटांचा खर्च ७८० होतो. उरतात २२८, म्हणजे पाकिटामागे साधारण साडेसतरा रुपये. ब्रेक-इव्हन ३,००० वरून थेट ४,१०० च्या पुढे जातो. स्कीम वाईटच असते असं नाही, पण ती महिनाभरच चालेल, विक्री एवढी वाढेलच, आणि फ्री पाकीट दुकानदारापर्यंत पोचेल, या तिन्ही गोष्टी आधी ठरलेल्या हव्यात. तिसऱ्या गोष्टीत हमखास गळती होते.

उलट बाजू बघा. एमआरपी १३० केली तर त्याच प्रमाणात हातात ९१ येतात आणि कॉन्ट्रिब्युशन ३१ होतं. आजचा १४,४०० चा नफा टिकवायला २,७८७ पाकिटं पुरतात. म्हणजे दर ८ टक्क्यांनी वाढवून गिऱ्हाईक २२ टक्क्यांनी घटलं तरी तुम्ही होता तिथेच राहता. मागणीची लवचिकता (दर बदलला की मागणी किती हलते) हा धडा मुलीने पाठ केला असेल, तो नेमका इथे लागतो. तुमची चकली लोक नाव घेऊन मागत असतील तर दर वाढवा. दुकानदार ‘कुठलीही द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात तुमचं पाकीट ठेवत असेल तर वाढवू नका. दर तोच ठेवून वजन कमी करण्याची पळवाटही आता तितकी झाकलेली राहत नाही, कारण पाकिटावर प्रति ग्रॅम किंमत छापावी लागते.

मार्केटिंगमधला आणखी एक फरक पुस्तकात सहसा नसतो, व्यापारात मात्र रोज लागतो: प्रायमरी आणि सेकंडरी सेल. तुम्ही डिस्ट्रिब्युटरला दिलेला माल प्रायमरी, त्याने दुकानांत पोचवलेला सेकंडरी. आजची दुप्पट मागणी यातली कोणती, हे आधी तपासा. महिन्याच्या शेवटी त्याच्या गोडाऊनमध्ये तुमचे किती खोके पडून आहेत ते दर वेळी लिहून घ्या. प्रायमरी वाढतोय आणि खोकेही वाढताहेत, तर तो माल दोन-तीन महिन्यांनी मुदत संपून तुमच्याकडेच परत येणार.

आता उत्पादन. चकलीचे टप्पे आणि तासाची क्षमता अशी धरू: भाजणी मळणं २० किलो, सोऱ्यातून पाडणं १२, तळणं ६, भरणं आणि सीलिंग १०. पूर्ण युनिटची क्षमता ६ किलोच, कारण तळणी अडते. हाच बॉटलनेक. सात तासांत ४२ किलो, म्हणजे १६८ पाकिटं; २५ दिवसांत ४,२००. तुम्ही ३,६०० काढता, म्हणजे कपॅसिटी युटिलायझेशन ८६ टक्के. आता कोणी नवं सीलिंग मशीन विकायला आलं तर घेऊ नका. ते तासाला ३० किलो पॅक करेल आणि बराच वेळ चकलीची वाट बघत बसेल.

दुसरी कढई घेण्याआधी एक फुकटातली गोष्ट करून बघा. जेवणाच्या तासाला कढई बंद पडत असेल तर जेवणं पाळीने करा. एक तास म्हणजे २४ पाकिटं, म्हणजे ५७६ रुपये कॉन्ट्रिब्युशन. २५ दिवसांचे १४,४००, म्हणजे आजच्या नफ्याएवढेच, अर्थात माल खपला तर. दुसरी कढई घेतलीत की तळणी १२ किलोवर जाते आणि मग पॅकिंगचे १० किलो अडतात. तेव्हा सीलिंग मशीनला अर्थ येतो. अडणारी जागा अशी सरकत जाते, म्हणून एका वेळी एकच जागा मोकळी करायची.

कोणता माल जास्त काढायचा हेही बॉटलनेकवरूनच ठरतं. चकलीवर पाकिटामागे २४ उरतात आणि पातळ पोह्यांच्या चिवड्यावर समजा १४. सहज कोणीही म्हणेल, चकली वाढवा. पण चिवड्यात तळायला फक्त शेंगदाणे, डाळं, खोबरं, कढीपत्ता. त्याच कढईवरून तासाला १५ किलो निघतो. ६० पाकिटं गुणिले १४, म्हणजे ८४० रुपये, तर चकलीचे ५७६. कढई अडलेली असेल आणि पॅकिंगला वेळ पुरत असेल तोवर चिवडा जास्त कमावतो. कढई मोकळी असेल तर चकली. दिवाळीच्या महिन्यात हा हिशेब रोज करावा लागतो.

तळणीवर घाई झाली की क्वालिटी कंट्रोलचा धडा सुरू होतो. कढईत एका वेळी जास्त चकल्या सोडल्या की तेलाचं तापमान पडतं, चकली तेल पिते, आणि १४ रुपयांचं तेल १७ वर जातं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर कडक होते. कोमट असताना पाकीट सील केलं तर आत वाफ धरून दोन दिवसांत सादळते; गिऱ्हाईक त्याचा दोष भाजणीला देतं. तुटकी चकली ५ टक्के निघत असेल तर ६० चा खर्च ६३ होतो, म्हणजे कॉन्ट्रिब्युशनमधून एक-अष्टमांश गेला. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने ते तेल वापरता येत नाही. हे घटक मोजायचं छोटं यंत्र मिळतं. दुसऱ्या कढईबरोबर तेही घ्या.

साठ्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. छापील पाकिटं यायला २० दिवस लागतात असं धरा. रोजची १४४ पाकिटं, २० दिवसांची २,८८० आणि आठवड्याच्या आधाराला १,००८, म्हणजे साधारण ३,९०० उरली की नवी ऑर्डर गेली पाहिजे. ही री-ऑर्डर लेव्हल. पण दिवाळीआधी ती रोजच्या २८८ ने काढायची असते, आणि नेमकी तिथे चूक होते. तेलाचा डबा उद्या मिळतो, छापील पाकीट मिळत नाही. जस्ट-इन-टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच मागवणं, तेलाला चालेल, पाकिटाला नाही.

मग दुप्पट मालाचं काय? कच्चा माल १० दिवस पडून, तयार माल ५ दिवस, डिस्ट्रिब्युटरची उधारी ३० दिवस. किराणावाला तुम्हाला ७ दिवस थांबतो. म्हणजे तुमचा पैसा ३८ दिवस अडकतो. जास्तीच्या ३,६०० पाकिटांचा महिन्याचा खर्च २,१६,०००. त्याला ३८ भागिले ३० ने गुणलं की २,७३,६००. दुसरी कढई, मशीन, माणूस हे सगळं वेगळं. नुसतं माल फिरता ठेवायला एवढे पैसे आधी लागतात. हेच वर्किंग कॅपिटल. ते नसताना ऑर्डर घेणं म्हणजे ओव्हरट्रेडिंग. यात कागदावर नफा दिसत राहतो आणि भाजणीचे पैसे द्यायला खिशात काही नसतं. छोटी युनिटं गिऱ्हाईक नाही म्हणून बसतात, तशी यानेही बसतात.

यावर पहिला उपाय उधारी ३० वरून १५ दिवसांवर आणणं. त्यासाठी अर्धा-एक टक्का कॅश डिस्काउंट दिला तरी तो १२ वर १ पेक्षा कितीतरी स्वस्त. दुसरं, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून नंबर बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. मुदत उलटली तर आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच) कलम) खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. मॉल आणि मोठ्या साखळी दुकानांचे अकाउंट्सवाले हे जाणतात. गल्लीतल्या वाण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

वाढीच्या धड्यातले ऑरगॅनिक-इनऑरगॅनिक, हॉरिझाँटल-व्हर्टिकल हे शब्द तुम्हाला सध्या तेवढे लागणार नाहीत. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये हॉर्लिक्सवाली कंपनी स्वतःत विलीन करून घेतली, ती इनऑरगॅनिक वाढ. तुम्ही स्वतःची गिरणी टाकली तर ते बॅकवर्ड इंटिग्रेशन (कच्च्या मालाचं कामही स्वतःकडे घेणं), आणि दिवसाला तीसेक किलो भाजणीसाठी ते परवडणार नाही. लिज्जतकडे मात्र बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. पापडात अडणारा टप्पा लाटण्याचा. तो त्यांनी घरोघरी नेला. केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड आणून द्यायचे. बॉटलनेकच इमारतीबाहेर गेल्यावर क्षमता जागेवर अवलंबून राहिली नाही. चकलीत हे जमत नाही, कारण तळणी अडते आणि अन्नपरवाना जागेगणिक असतो. भाजणीचं धान्य निवडणं, खोके जोडणं, लेबल लावणं मात्र बाहेर देता येईल.

माणसांच्या बाबतीत, पीस-रेट (नगावर मजुरी) पॅकिंगवर ठेवा, तळणीवर कधीही नको. नगावर पैसे मिळाले की तळणारा कढई भरून टाकतो आणि चकली लवकर काढतो. तळणाऱ्याला महिन्याचा पगार, वर तुटफूट ३ टक्क्यांच्या आत राहिली तर थोडा बोनस. लेबर टर्नओव्हर म्हणजे वर्षात सोडून गेलेली माणसं भागिले सरासरी माणसं. चारांतल्या दोघी गेल्या तर ५० टक्के. लहान युनिटला ही टक्केवारी भडक दिसते, म्हणून ती सोडून कोण गेलं आणि कोणत्या कामावरचं, एवढंच लिहून ठेवा. पॅकिंगवरची नवी बाई चार दिवसांत रुळते, सोऱ्यावरची दोन-तीन आठवड्यांनी. म्हणून दिवाळीची माणसं नवरात्रात नाही, गणपतीत घ्यायची. तळणीवर दुसरा माणूस तयार नसेल तर तुमचा खरा बॉटलनेक कढईपेक्षा तो एकटा तळणारा आहे. त्याने चार दिवस सुट्टी घेतली की वरचे सगळे आकडे थांबतात.

माणसं वाढवताना दोन आकडे डोक्यात ठेवा. १० माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा) लागू होतो: २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. २० झाली की पीएफ. नगावरच्या आणि अर्धवेळ बायकाही या मोजणीत येतात. ‘त्या पगारावर नाहीत’ हे उत्तर तपासणीत चालत नाही. त्यामुळे दहावा माणूस घेताना त्याच्या पगारासोबत सगळ्या दहा जणांच्या पगाराचे सव्वातीन टक्केही त्याच महिन्याच्या स्थिर खर्चात धरा आणि ब्रेक-इव्हन पुन्हा काढा.