पावसाळ्यात रात्री मुठे-मासे धरायला जाताना साप, विंचू, मगर यांच्यापासून कसं जपायचं?

तुमचं गाव महाडकडचं. पहिल्या पावसात मित्रांबरोबर मुठे (शेता-ओढ्याकाठच्या बिळातले खेकडे) आणि चढणीचे मासे (पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) धरायला, जमलं तर ससा-डुक्कर मारायला जायचंय, तर सावध कसं राहायचं, असं तुम्ही विचारलंय.

शिकारीचं आधी संपवतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. पिकात शिरणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची परवानगी असते, पण ती शेतकऱ्याला, सहलीला नाही. शिवाय जखमी डुक्कर अंगावर येतं तेव्हा बंदूकवाला सगळ्यात आधी झाडावर चढतो.

आता मुठे. धोका काळोखापेक्षा तुमच्या हाताला जास्त. बिळाच्या तोंडाशी ओला चिखल दिसला की मुठा आत आहे असं धरून पोरं कोपरापर्यंत हात घालतात. पण मुठ्याने सोडलेल्या बिळात दिवडही शिरतं, नागही शिरतो. आमचे काका टोकाला वाकवलेली तार लावलेली काठी आत सारायचे. मुठा तिला नांगीने धरतो आणि तसाच ओढत बाहेर येतो. वेळ लागतो, पण बोटं शाबूत राहतात.

दगड उलटायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उलटायचा, म्हणजे खालचं जे काही असेल ते समोर पळतं आणि मध्ये दगडाची आड राहते. माझ्या चुलतभावाने बांधावरचा कोरडा दगड नेमका उलट्या बाजूने उचलला आणि लाल विंचू डसला. दोन इंचांचा असेल. अर्ध्या तासात शर्ट पिळावा इतका घाम, हातपाय गार, उलट्या. घरचे मंत्र म्हणणाऱ्याला बोलवायच्या तयारीत होते, काकांनी ऐकलं नाही, थेट दवाखाना गाठला. आमचं नशीब, हा भाग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने विंचूदंशाचे रोगी वाचतात हे त्यांनीच दाखवून दिलं. भाऊ वाचला, दगड मात्र आजही पायाने ढकलून बघतो.

पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्याला टॉर्च आणि हातात वेगळी बॅटरी. बांधावर उजेड पडल्याशिवाय पाऊल नाही. बेडूक ओरडतात तिथे नाग येतोच, आणि मण्यार रात्रीचीच हिंडते. जांभ्याच्या कातळावर फुरसं बसलेलं असतं, मातीच्याच रंगाचं.

चावलंच तर आवळपट्टी नको, ब्लेड नको, तोंडाने विष ओढणं तर नकोच. अंगठी-घड्याळ काढा, हात किंवा पाय फळकुटाला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, १०८ लावा. सापाला मारून पिशवीत घालायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं. मण्यारीचा दंश तर कित्येकदा दुखतही नाही, म्हणून ‘काही होत नाहीये’ म्हणत घरी बसू नका.

सावित्रीत मगरी आहेत, चिपळूणला वाशिष्ठीत आहेत, सांगलीकडे कृष्णेतही. संध्याकाळनंतर कमरेएवढ्या पाण्यात पाग (फेकायचं जाळं) टाकायला उतरू नका आणि मासे काठावर साफ करून आतडी तिथेच फेकू नका. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कोणी बाई धुणं घेऊन येते.

निघायच्या आधी गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा, आणि मोबाईलला रेंज कुठल्या वळणावर येते ते उजेडातच बघून ठेवा.