ईसीची जुनी सायन्स फिक्शन कॉमिक्स: सुरुवात कुठून करायची

अरे, पहिल्यांदाच घेतोयस ना, मग ओरिजिनल अंकांच्या मागे लगेच लागू नकोस, आधी रीप्रिंट वाच. ईसी म्हणजे अमेरिकेतली जुनी कॉमिक्स कंपनी, तिची वीअर्ड सायन्स आणि वीअर्ड फँटसी ही दोन्ही कॉमिक्स १९५० ला सुरू झाली, आणि त्यांचे रीप्रिंट आता मुख्यतः दोन प्रकारचे दिसतात, डिजिटल रंग भरलेले ईसी आर्काइव्हज आणि फँटाग्राफिक्स या प्रकाशकाचे ब्लॅक अँड व्हाइट, त्यात एकेका चित्रकाराच्या कथा एकत्र असतात. माझं ऐकशील तर ब्लॅक अँड व्हाइटच घे. ईसीचा चित्रकार वॉली वूड, त्याची अंतराळयानं बघ, डायल, पाइप, वायरी, कोपऱ्याकोपऱ्यात उजेड-सावली, रंगाखाली हे सगळं दबून जातं रे!

पुढे जुना अंक घ्यायचाच झाला तर नुसत्या नंबरावर जाऊ नको, वर्ष बघ. वीअर्ड सायन्स थेट १२ पासून सुरू झालं कारण जुन्या रोमान्स कॉमिकचाच नंबर पुढे चालवला होता, नंबर १५ पर्यंत गेले आणि मग एकदम ५ वर आले, तिथून परत वाढत गेले, त्यामुळे १२ ते १५ नंबरचे अंक दोन-दोन आहेत. विकणाऱ्याकडून आतल्या तारखेच्या बारीक ओळीचा फोटो मागवच.

आणि ‘जजमेंट डे’ सोडू नको. १९५३ ची कथा, १९५६ मध्ये इन्क्रेडिबल सायन्स फिक्शनच्या ३३ व्या अंकात परत छापताना शेवटच्या पॅनलवरून कॉमिक्स कोडवाले (कॉमिक्स छापण्याआधी तपासणारी सेन्सॉरसारखी संस्था) अडून बसले, ईसीचा प्रकाशक गेन्स, त्यानं बदलायला साफ नकार दिला आणि होती तशीच छापली. त्या पॅनलमध्ये काय आहे ते सांगत नाही, प्रस्तावनाही कथेनंतरच वाच.