बेटावर सुरय मोजायला जाण्याआधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सीच्या प्रबंधासाठी मे महिन्यात वेंगुर्ला रॉक्सवर, म्हणजे वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर, सुरयांची (टर्न या समुद्रपक्ष्यांची) घरटी मोजायला जायचंय, तर सामान काय घेऊ आणि दिवसाला किती चालावं लागेल? मी पेडण्याचा. एका उन्हाळ्यात महिनाभर याच कामासाठी तिथे ये-जा केली. चालण्याची काळजी सोड, तिथलं काम बसण्याचं आहे.

मोठा तुरेवाला सुरय उघड्या कातळावर अंडं घालतो, बहुधा एकच. घरट्याला काडीसुद्धा नसते आणि शेजारीण चोच लांबवली की लागेल इतकी जवळ. मेच्या उन्हात तो अंड्यावर बसतो ते ऊब द्यायला कमी, सावली धरायला जास्त. तू उभी राहिलीस की अख्खी वसाहत एकदम उठते आणि अंडी तव्यावर राहतात. एकदा आकडे जुळेनात म्हणून मी अकरा वाजता पुन्हा मोजायला उठलो. दोन मिनिटं म्हणता दहा गेली. घार आली, पहिल्यांदा हुकली, दुसऱ्या खेपेला पिल्लू उचलून गेली. आमचा तांडेल होडीतून ओरडला, "मोजतोयस की तिला जेवायला वाढतोयस?" त्या दिवशीचा आकडा वहीत आहे, पण तो मी कधी वापरला नाही.

म्हणून पहाटे निघायचं, उजाडताच लांबून दुर्बिणीने मोजायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं. दुपारी वारा सुटून दर्या खवळतो, त्यामुळे तांडेललाही हेच सोयीचं. ब्रायडल्ड टर्न हा दुसरा सुरय मात्र कपारीत लपून अंडं घालतो. त्याच्यासाठी टॉर्च आणि काठीला बांधलेला छोटा आरसा ने. हात आत घालू नकोस.

पेन नको, पेन्सिल. खाऱ्या दमट हवेत शाई पसरते. टोपी हवीच, उन्हासाठी आणि वरून पडणाऱ्या प्रसादासाठीही. डब्यात मासे नेऊ नकोस. विष्ठेचा आणि पिल्लांनी ओकलेल्या मासळीचा वास नाकात बसला की सुंगटाची (कोळंबीची) आमटीसुद्धा नको वाटते, आणि हे मी, एक गोंयकार, सांगतोय.

गुहांमध्ये पाकोळ्या (स्विफ्टलेट पक्षी) आहेत. लाळेपासून केलेली त्यांची घरटी चोरीला जातात, त्यामुळे गुहेचे फोटो कुठेही टाकू नकोस. १८७५ साली ए. ओ. ह्यूम (हो, काँग्रेसवाले तेच) या खडकांवर पक्षी बघून गेले. तेव्हा निदान मोबाईल नव्हता.

वनखात्याची परवानगी आधी घे. शेवटची फेरी २० मेच्या आसपास धर. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते आणि त्याआधीच बरेच जण होड्या वर ओढतात.

चप्पल नको, जुने कॅनव्हासचे बूट घाल. होडी कातळाला टेकत नाही. लाट वर उचलते तेव्हा तांडेल "आता!" म्हणतो. त्यावर विचार करत बसायचं नाही, उडी मारायची.