गव्हाच्या पिठाचा घरचा ब्रेड दर वेळी दडस होतो आणि मूल तोंडही लावत नाही. काय चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात साडेतीन वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी. दोघंही नोकरी करता. विकतचा ब्रेड आणि बिस्किटं बंद करून सगळं घरी करायचं, तेही अख्ख्या धान्याचं, असं ठरवलंत. तीन रविवार ब्रेड केला, तिन्ही वेळा दडस झाला, मुलाने एक घास चावून बाहेर काढला. आता विचारताय, आमचं चुकतंय कुठे, की नोकरी करणाऱ्यांनी या फंदात पडूच नये?

पडा. फक्त रविवारी नको.

आमच्याकडे ब्रेडचं खातं माझ्याकडे आहे. मोठी लेक आता सात वर्षांची आहे, धाकटा चार. तुमच्यासारखेच आमचेही सुरुवातीचे रविवार वाया गेले. सकाळी उत्साहाने पीठ काढायचं, मधे एकाची शी, दुसरीची पडझड, कणीक विसरून जायची, आठवली की घाईघाईने भाजायची. अख्ख्या गव्हाच्या ब्रेडला वेळ भरपूर लागतो, पण त्यातला तुमच्या हाताचा वेळ पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. बाकीचं काम पीठ, पाणी आणि यीस्ट आपसांत करत बसतात. ते काम मुलं झोपल्यावर आणि फ्रीजमध्ये होऊ दिलं की रविवार मोकळा.

आता दडस का होतो ते. माझा अंदाज असा, की तुम्ही मैद्याच्या ब्रेडची कृती घेतलीत आणि मैद्याच्या जागी गव्हाचं पीठ घातलंत. मीही तेच केलं होतं. गव्हाच्या दाण्यात साधारण ८३ टक्के पांढरा गाभा, १४ टक्क्यांच्या आसपास कोंडा आणि अडीच टक्के अंकुर असतो. मैदा म्हणजे नुसता गाभा. अख्ख्या पिठात कोंडा आला की दोन गोष्टी होतात. एक, कोंडा पाणी खूप पितो, पण सावकाश पितो. दुसरं, त्याचे कण टोकदार असतात, त्यामुळे ब्रेडला उचलून धरणारी ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांची, जाळी जागोजाग तुटते. कोंडा आधीच भिजून मऊ झाला असेल तर हे नुकसान बरंच कमी होतं.

खरी फसगत पहिल्या पाच मिनिटांत होते. पीठ भिजवल्या भिजवल्या हाताला चिकचिक लागते, बोटांना लगदा लोंबतो. आपण घाबरतो आणि मूठभर कोरडं पीठ टाकतो, मग अजून एक मूठ. तेव्हा बरं वाटतं. तासाभराने कोंड्याने पाणी ओढून घेतलं की तोच उंडा दगडासारखा घट्ट होतो, आणि तो कसा फुगणार? त्याऐवजी पीठ आणि पाणी नुसतं कालवून, मळायच्या फंदात न पडता अर्धा तास झाकून ठेवून बघा. झाकण काढाल तेव्हा तीच कणीक हाताला वेगळी लागेल. ओढली तर तुटायच्या आधी थोडी लांबते, भांड्याच्या कडा सोडते. कुणी हात न लावता अर्धं मळून झालेलं असतं. या विश्रांतीला ऑटोलीज म्हणतात. रेमों काल्व्हेल या फ्रेंच ब्रेड-तज्ज्ञाने गेल्या शतकात ती पद्धत रूढ केली. घरात लहान मूल असणाऱ्यासाठी ती देणगीच आहे, कारण त्या अर्ध्या तासात भांडी होतात.

मी कसं करतो ते सांगतो. रात्री मुलं झोपली की ५०० ग्रॅम पीठ आणि ३६० ग्रॅम पाणी कालवायचं आणि झाकून ठेवायचं. पाणीसुद्धा वजनकाट्यावरच मोजतो. कपाने मोजू नका, त्याच कपात पीठ कधी सैल भरतं कधी दाबून, तिथेच निम्मे घोटाळे होतात. अर्ध्या तासाने ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणखी ३० ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून त्यावर घालायचं, सोबत ६ ग्रॅम मीठ आणि दोन चमचे तेल. सुरुवातीला सगळं निसटतं, कणीक फाटल्यासारखी दिसते, हे बिघडलं असं वाटतं. तिंबत राहा, दोन-तीन मिनिटांत एकजीव होते. एकूण सात-आठ मिनिटं पुरे. हाताला चिकटली तर हात ओला करा, पिठाच्या डब्याकडे जाऊ नका. मग पाऊण तास बाहेर आणि नंतर झाकून थेट फ्रीजमध्ये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आल्यावर कणीक बाहेर काढायची, हलक्या हाताने चपटी करून घट्ट गुंडाळायची आणि तेल लावलेल्या साच्यात जोड खाली येईल अशी ठेवायची. गार असल्याने फुगायला दीड-दोन तास लागतात. मग १९० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर मधोमध टोचून बघा, ९३ ते ९५ अंश आले की झाला. नसेल तर साच्यातून काढून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. आणि गरम असताना कापू नका. घरभर वास सुटलेला असताना हे पाळणं अवघड आहे, मलाही जमत नाही, पण गरम कापलेला ब्रेड आत ओलसर गिच्च लागतो आणि मग भाजणं कमी पडलं असं उगाच वाटतं.

एक मोठी चूक फुगवण्यात होते. बहुतेक कृतींत ‘दुप्पट होईपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. मैद्याला ते ठीक. कोंड्याची कणीक लवकर आंबते आणि जाळी कमजोर असल्याने दुप्पट झाली की ओव्हनमध्ये खाली बसते. साच्यात ती दीडपट झाली की थांबतो. ओल्या बोटाने हलकेच दाबून बघायचं. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा, सावकाश अर्धा भरला तर ओव्हन तापलेला हवा, भरलाच नाही तर उशीर झालाय, पटकन भाजून टाका.

आणखी मऊ हवा असेल तर त्याच ५०० मधलं ३० ग्रॅम पीठ त्याच्या पाचपट, म्हणजे १५० ग्रॅम पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवा. चमचा ओढला की मागे रेघ राहिली, म्हणजे साधारण ६५ अंश झाले, की उतरवा. गार करून उरलेल्या पिठात मिसळा आणि तेवढं पाणी एकूण पाण्यातून वजा करा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, ब्रेड तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

आता तुमच्या मुलाकडे येतो. तो नाटक करत नाहीये. कोंड्याला किंचित कडवटपणा असतो आणि लहान मुलांना कडू मोठ्यांपेक्षा जास्त झोंबतं. माझा पहिला बऱ्यापैकी जमलेला ब्रेड लेकीसमोर ठेवला तेव्हा तीही साडेतीनच्या आसपासच होती. तिने काप उजेडात धरला, मग ताटलीत ठेवून नखाने एकेक तपकिरी कण उकरायला लागली. उकरलेले कण ताटलीच्या कडेला ओळीने मांडले आणि म्हणाली, “बाबा, यात माती आहे.” मी गुडघ्यावर बसून कोंडा म्हणजे काय ते समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तो पक्ष्यांना देऊ या?”

त्यानंतर मी मागे आलो. ३० टक्के गव्हाचं पीठ, ७० टक्के मैदा. (पाणीही त्या हिशेबाने कमी, मैद्याला त्याच्या वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास पुरतं.) दर दोन आठवड्यांनी गव्हाचं थोडं वाढवत गेलो. पाण्यातले तीन चमचे काढून तेवढा संत्र्याचा रस घातला. रसाची चव कळत नाही, कडवटपणा मात्र दबतो. साठ टक्क्यांवर आम्ही बरेच महिने रेंगाळलो आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही.

खरं तर मी तुमच्या जागी असतो तर ब्रेडने सुरुवातच केली नसती. पॅनकेक आणि मफिन यांना ग्लुटेनची जाळी लागतच नाही, त्यामुळे तिथे अख्खं पीठ पहिल्या दिवसापासून शंभर टक्के चालतं. मिश्रण वीस मिनिटं ठेवून मग करा, तेवढ्यात कोंडा भिजतो आणि दाताखाली रवाळ लागत नाही. ओट्स मिक्सरवर दळून पिठाचा तिसरा हिस्सा त्यांचा ठेवला तर आणखी मऊ. पिकलेलं केळं घातलं की साखर अर्ध्यावर येते. मुलाला यश इथे चाखू द्या, ब्रेड मागून येईल.

दहा महिन्यांच्या मुलीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इथे उत्साह आडवा येतो. मध बारा महिन्यांआधी अजिबात नको, ब्रेडमध्ये घालून भाजलेलाही नको. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ब्रेडच्या आत तापमान शंभरापर्यंतही जात नाही, ते मरत नाहीत. मिठाचा हिशेब बघा: वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसभरात मिळून एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं सांगितलं जातं. नेहमीच्या कृतीत ५०० ग्रॅम पिठाला १० ग्रॅम मीठ असतं. त्याचे सोळा काप केले तर एका कापात सहाशे मिलिग्रॅमच्या वर गेलं. म्हणून मी सहा ग्रॅमवर आलो. अगदी शून्यावर नेऊ नका, मीठ नसेल तर यीस्ट मोकाट सुटतं आणि कणीक ढासळते. दाणे, काजू, बदाम अख्खे घालू नका, पाच वर्षांपर्यंत घशात अडकायची भीती असते. पूड करून घाला.

आणि सगळंच अख्ख्या धान्याचं हा हट्ट दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी सोडा. पोट एवढंसं, चोथ्याने ते लवकर भरतं, आणि वाढीला लागणारे उष्मांक पोटात जायचे राहतात. थोडं अख्खं, थोडं पांढरं, असं मिसळून चालू द्या. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं, तेही या वयात परवडत नाही. रात्रभर आंबवल्याने ते बरंच कमी होतं, कारण ते फोडणारं एन्झाइम गव्हातच असतं, त्याला फक्त ओल आणि वेळ लागते. फ्रीजचा आळशीपणा इथेही उपयोगी पडतो. मुलगा मदतीला येईलच, येऊ द्या, पण कच्ची कणीक चाटू देऊ नका. अंडं नसलं तरी पीठ हा कच्चा पदार्थ आहे, त्यात जंतू असू शकतात.

पीठ थोडंच आणा. अंकुरात तेल असतं, ते खवट होतं, आणि खवट पिठाचा ब्रेड कितीही फुगला तरी कडूच लागतो. उघडलेलं पाकीट फ्रीजरमध्ये ठेवा. ब्रेड मात्र फ्रीजमध्ये नको, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. काप करून फ्रीजरमध्ये टाका, हवा तेवढाच काढून थेट टोस्टरमध्ये.

बाकी स्वयंपाकाचं फार सांगत नाही. कडधान्यं शिजवताना दुप्पट शिजवा, अर्धी पिशवीत चपटी पसरून गोठवा. शिजलेलं धान्य दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये ठेवा. एखाद्या आठवड्यात काहीच जमलं नाही तर ब्रेड विकत आणा, आम्हीही आणतो. फक्त रंगावर जाऊ नका, तपकिरी रंग कॅरमेलचाही असतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव अख्ख्या धान्याचं आहे का तेवढं बघा.

पुढचा ब्रेड झाला की मधोमध कापून फोटो टाका. कडेला फाटला असेल तर फुगायला कमी वेळ मिळाला, वरून मधे बसला असेल तर जास्त मिळाला. आणि यातलं काहीच न होता नुसता दडस असेल तर पाणी किती ग्रॅम घातलंत ते लिहा.