साखर वितळते की विरघळते, आणि 'द्रावण' या शब्दाची भानगड

प्रश्न असा आलाय: रेसिपीत कुणी 'साखर वितळेपर्यंत ढवळा' म्हणतं, कुणी 'विरघळेपर्यंत', बरोबर काय? आणि गुळाला काय म्हणायचं?

दुधात, चहात, पाण्यात साखर विरघळते. वितळायला नुसती उष्णता पुरते, विरघळायला मात्र ज्याच्यात जायचं असं दुसरं कुणीतरी लागतं. तूप, मेण, बर्फ वितळतं. मीठ, साखर, तुरटी विरघळते. मीठ खरोखर वितळवायचंच असेल तर ८०१ अंश सेल्सिअस लागतात, आणि ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, म्हणजे मिठाच्या आधी तुमचं पातेलं जाईल. पण हल्ली रेसिपी व्हिडिओतल्या ताई 'साखर दुधात छान मेल्ट करून घ्यायची' म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात कोरड्या कढईत 'बटर विरघळून घेऊ'. एका मेल्टने दोन चांगल्या क्रियापदांची वाट लावली. बातम्यांत तर हिमनद्या विरघळतात. कशात विरघळतात हो?

असो. ताईंचं एक वेळ माफ, माझा खरा राग शाळेच्या पुस्तकात मीठपाण्यासारख्या मिश्रणाला दिलेल्या 'द्रावण' या शब्दावर आहे. हा आला संस्कृत 'द्रु' धातूवरून, द्रु म्हणजे धावणे, पळणे, वाहणे. अंगावर धावून येतो तो उपद्रव. ख्यालात विलंबितानंतर येतो तो द्रुत, आणि गंमत म्हणजे हाच 'द्रुत' संस्कृतात 'वितळलेला' या अर्थानेही चालतो! घट्ट बसलेली वस्तू पळायला लागली की ती वितळली, किती मस्त बघितलंय कुणीतरी. मग द्रावण म्हणजे काय, तर पळायला लावणं. शत्रूला पिटाळणं हेही द्रावण आणि धातू वितळवणं हेही द्रावण. लहानपणी आमच्या गल्लीतल्या सोनाराकडे मी तासन्‌तास बसायचो, तो सांध्याला टाकणखार (बोरॅक्स) लावून डाख, म्हणजे जोडायचा धातू, द्यायचा, फुंकणीची ज्योत लागली की खार आधी लाहीसारखा फुगायचा, मग काचेसारखा चमकायचा आणि एका क्षणात डाख सरसर सांध्यात पळायचा. ते खरं द्रावण. पेल्यातल्या मीठपाण्यात कोण पळतंय?

म्हणजे ज्या चुकीबद्दल आपण ताईंना बोलतो तीच चूक परिभाषा करणाऱ्यांनी आधीच करून ठेवलीय, विरघळण्याला वितळण्याचा शब्द. हिंदीवाल्यांनी 'विलयन' घेतलं, त्यांचं बरोबर. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी बायकोला, मैत्रेयीला, पाण्यात टाकलेल्या मिठाच्या खड्याचा दृष्टांत देतो तिथे क्रियापद आहे वि + ली, 'उदकमेवानुविलीयेत', म्हणजे पाण्यातच विरून जातो. ली म्हणजे चिकटणं, त्यातच दिसेनासं होणं. लय, लीन, तल्लीन सगळे तिथलेच. आणि छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो, सकाळी म्हणतो आण ते मीठ, तर सापडत नाही, मग म्हणतो वरचं चाख, मधलं चाख, तळचं चाख, सगळीकडे खारटच. समांगी मिश्रण याहून सोपं कुणी शिकवून दाखवा.

माझ्या ओळखीचे एक संस्कृतचे सर यावर लगेच म्हणतात की अहो संस्कृतात वितळलेल्या तुपालाही 'विलीन'च म्हणतात, मग तुमचा फरक कुठे राहिला. सर, तुपाचं तूप बघून घेईल, ऋषींनी मिठाला कुठला शब्द लावला ते बघा ना. दुसरे एक जण म्हणतात पारिभाषिक शब्द रूढ झाला की त्याची व्युत्पत्ती काढत बसू नये. मग कशाची काढायची, टोमॅटोची?

बरं, 'द्रावण' आता बदलणार नाही हे मलाही कळतं, दर वर्षी पोरं द्रावक, द्राव्य, द्रावण पाठ करतातच, मीही केलंय.

हां, गुळाचं राहिलंच. चिक्कीसाठी तुपावर गूळ टाकला, पाण्याचा थेंब नाही, तर तो वितळतो. गूळ तुपात विरघळत नाही, म्हणून तर तूप कडेने वेगळं सुटलेलं दिसतं. पन्ह्यात विरघळतो. आणि शिजलेल्या डाळीत गूळ घालून आचेवर ठेवला की दोन्ही एकदम चालू होतं, तिथे आई या भानगडीत पडत नाही, 'पुरण सैल झालं, आता हात थांबवू नकोस' एवढंच म्हणते.